घाटात मुका झालेला ब्लोअर

मित्रांनो, मी मोटारीतला एक म्हातारा ब्लोअर. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे मी अंधारात बसलेला असतो. एक लहानशी मोटर आणि तिच्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा, एवढंच माझं शरीर. उन्हाळ्यात गार हवा आणि थंडीत इंजिनाची ऊब मीच आत ढकलतो. काच आतून पांढरी झाली, तर तीही मीच स्वच्छ करतो.

आमची गाडी सोयगावच्या विशाखाताईंची. त्या शाळेत शिकवतात. त्यांच्या आईची, कडूबाईंची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी संभाजीनगरला जावं लागू लागलं. त्यासाठीच ताईंनी ही जुनी गाडी घेतली. परतताना कडूबाईंना हुडहुडी भरायची, शाल पुरत नसे. मग ताई माझं बटण फिरवत आणि मी कडूबाईंच्या पावलांवर ऊब सोडी. ‘आता बरं वाटलं,’ म्हणून त्या डोळे मिटत. याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पण गाडी कडुनिंबाखाली उभी असे. काचेखालच्या जाळीतून वाळकी पानं माझ्या पंख्यात पडू लागली. मी घरघरू लागलो. आईला आवाजाचा त्रास नको म्हणून ताई मला बंद करत. शाळा, स्वयंपाक आणि दवाखाना यांत माझ्याकडे बघायला त्यांना वेळ तरी कुठे होता? पुढे पुढे मी फक्त चौथ्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या वेगावर फिरू लागलो. गावातल्या मेकॅनिकने वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर बदलला. महिनाभरात तोही जळला. तो का जळला, हे कोणी विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही अजिंठ्याच्या घाटात होतो. बाहेर दाट धुकं होतं आणि आत दोघींच्या श्वासाने काच पांढरी झाली. ताईंनी मला चौथ्या वेगावर लावलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, पण पानांनी पंखा धरून ठेवला. माझ्या वायरींचा प्लग वितळला आणि मी गप्प झालो. तेवढ्यात समोर ट्रकचे दिवे दिसले, तेही अगदी जवळ. ताईंनी गाडी कडेला दाबली. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला.

कडूबाईंनी पदराने काच पुसायला घेतली.

“हळू घे, बाई,” त्या म्हणाल्या. “मी पुसते.”

काच पुन्हा पांढरी होऊ नये म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून गार वारा खात त्या शहरात पोचल्या. त्या वाटेवर मला माझीच लाज वाटत होती.

आईला दवाखान्यात पोचवून ताई शहरातल्याच चिकलठाण्याला निशाच्या गॅरेजवर आल्या. निशा गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. नवा रेझिस्टर टाकून लवकर मोकळं करा, असं ताईंनी सांगितलं. निशाने ऐकून घेतलं, पण घाई केली नाही. तिने फ्यूज पाहिला, तो चांगला होता. मग कप्पा उतरवला, तेव्हा वितळलेला प्लग सापडला. शेवटी तिने मला थेट बॅटरीला जोडलं. मी कण्हत कण्हत जेमतेम फिरलो.

“ताई, रेझिस्टर जळतोय हे खरं, पण दुखणं तिथं नाय,” निशा म्हणाली. “मोटर अडकती, म्हणून करंट लई ओढती. त्यानं हे सारं जळतंय.”

तिने तीन स्क्रू काढून मला बाहेर घेतलं. माझ्या पोटातून मूठभर पानं आणि उंदराने आणलेला कापूस निघाला. ताई बघतच राहिल्या.

“एवढे दिवस हा ओरडत होता,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि मी त्याला बंद करत होते.”

निशाने मला स्वच्छ केलं, तेल दिलं, नवा प्लग आणि रेझिस्टर बसवला, काचेखालच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी लावली. चारही वेगांवर मी आवाज न करता फिरलो.

त्या दिवशी परतताना सिल्लोडच्या अलीकडे कडूबाई पुटपुटल्या की हात जरा ठणकतोय, घरी गेल्यावर बघू. ताईंनी लगेच गाडी थांबवली आणि शाल बाजूला केली. डायलिसिसची सुई टोचलेल्या जागेवरची पट्टी रक्ताने भिजली होती. ताईंनी ती घट्ट दाबून धरली, दवाखान्यात फोन केला, रक्त थांबल्यावर नवी पट्टी बांधली आणि गाडी माघारी वळवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

मित्रांनो, मला निदान घरघरता तरी येतं. काही माणसं तेवढाही आवाज करत नाहीत. त्यांच्या जवळ बसा आणि कुठं दुखतंय ते विचारा.