ओळख पटली नाही

मी एक जुनी हजेरीची मशीन आहे. बोटाचा ठसा ओळखणारी, पुस्तकाएवढी, एके काळी भिंतीवर मानाने बसवलेली. आता मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत, भिंगं आणि चुंबकांच्या शेजारी, कपाटात असते. विज्ञानाच्या बाई कधीतरी मला उघडून माझं पोट दाखवतात. मुलं माझ्या काचेवर बोट टेकवून हसतात. मित्रांनो, त्या वेळी तुमच्या नजरेला नजर देणं मला जमत नाही. का, ते आज सांगते.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. बोटाच्या टोकावर बारीक उंचवटे आणि चऱ्या असतात. त्या नक्षीत एखादी रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, एवढंच मला समजतं. माणूस मला समजत नाही. माझी परीक्षा घेतली ती कारखान्याच्या कचेरीतल्या लोकांनी. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी मऊ, स्वच्छ बोटं होती ती. मी पास झाले.

मग मला एका संशोधन संस्थेच्या फाटकाजवळ बसवलं. तिथल्या व्यवस्थापकांना सगळे पाठीमागे ‘वेळसाहेब’ म्हणत. माझ्यावर त्यांचा फार जीव. माझ्या समोरच्याच बाकावर लोक चहा पीत आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावत. निवडणुका, औषधं, यंत्रं, माणसाचं भविष्य, काही सुटायचं नाही.

“मशीनला ना साहेब कळतो ना शिपाई,” वेळसाहेब म्हणत. “तिला सगळे सारखे. खरी लोकशाही भिंतीवर टांगलीय बघा!”

“देशच तिच्या हातात देऊन टाका मग,” असं म्हणून दारावरचे रखवालदार काका हसत.

तेव्हा एकजणी हिशेबाचं बोलायची. ती संस्थेत आकडेवारीचं काम करायची, म्हणून तिला आकडेताई म्हणत. माझी चाचणी तिनेच घेतली होती. “शंभरात एखाद्या वेळी ही चुकते,” ती म्हणाली. “तेवढं चालतं. कधी याच्या वाट्याला येईल, कधी त्याच्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते बरं वाटलं. उशिरा येणारे वेळेवर येऊ लागले. माझं कौतुक झालं. मी फुगले.

संस्थेत काचेची भांडी धुणारी एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. चंचुपात्रं, नळ्या, चिंचोळ्या मानेच्या बाटल्या ती सोड्याने आणि आम्लाने धुवायची. धुतलेलं भांडं उजेडात धरायची. काचेवर पाण्याचा थेंबही न थबकता पातळ पडदा सरसर उतरला, तरच ते स्वच्छ. नाहीतर पुन्हा ब्रश. वर्षानुवर्षं तेच. त्यात तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. त्या गुळगुळीत बोटावर मला वाचायला काही उरलंच नव्हतं.

“ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा,” मी म्हणायची. खणखणीत आवाजात, मागे रांग उभी असताना.

ती बोट कोटाला पुसायची, त्यावर फुंकर घालायची, पुन्हा ठेवायची. कधी तिसऱ्यांदा मी मानायची, कधी नाहीच.

“मावशी, बँक लुटायला निघा,” रखवालदार काका एकदा म्हणाले. “पुरावा म्हणून सापडायचा नाही!”

रांग हसली. तीही हसली. मग हात खिशात घालून पुटपुटली, “माझंच बोट मेलं चोर.”

त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी येऊ लागली, कोणी बघायच्या आत बोट टेकवता यावं म्हणून. रात्री हातांना मलम लावते, असं तिने काकांना सांगितलं. ‘गैरहजर’ असे दिवस वाढले की कामावरून कमी करतात, हे तिला माहीत होतं. तक्रार तिने केली नाही. लाज मला वाटायला हवी होती. ती वाटत होती तिला.

एका सकाळी मी तिला चारदा नाकारलं. मागे रांग खोळंबली. वेळसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “जा हो मावशी, जा आत. नंतर बघू.” ती मान खाली घालून आत गेली. ‘नंतर’ काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेतल्या अमोनियाच्या टाकीची झडप निकामी झाली. घंटा वाजली. डोळे चोळत, नाक दाबत सगळे अंगणात जमले. अग्निशमन दलाचे जवान आले. नियमाप्रमाणे वेळसाहेबांनी माझ्या पडद्यावर आजचे हजर लोक काढले आणि एकेक नाव पुकारलं. प्रत्येक नावाला उत्तर आलं.

“आत कोणी नाही,” ते जवानांच्या प्रमुखाला म्हणाले. “आमची मशीन चुकत नाही.”

जवान दारं बंद करून घेऊ लागले. एवढ्यात आकडेताईने इकडेतिकडे पाहिलं. “मावशी कुठे आहेत?”

“ती आज आलेलीच नाही. हे बघ, यादीत कुठे...” वेळसाहेब बोलता बोलता थांबले. “मीच आत सोडलं तिला. सकाळी. मीच.”

“कुठे असतील?” प्रमुखाने विचारलं.

“मागे, धुण्याच्या खोलीत. तिथे पंखा आणि नळ चालू असतात, घंटा ऐकू जात नाही,” आकडेताई म्हणाली.

“नाव काय त्यांचं?” मुखवटा चढवता चढवता प्रमुख म्हणाला. “वायूने आत दिसणार नाही, हाक मारावी लागेल.”

वेळसाहेबांनी आकडेताईकडे पाहिलं. ताईने काकांकडे. काका जमिनीकडे बघत राहिले. इतकी शिकलेली माणसं, रोज तिच्या हातच्या काचेत काम करणारी. पण कोणालाच तिचं नाव सांगता येईना.

ते नाव माझ्याकडे होतं, मित्रांनो. पहिल्या दिवशीच माझ्या स्मृतीत भरलेलं, आडनावासकट. पण बोट ओळखल्याशिवाय ते उघडायचं नाही, अशीच माझी घडण.

शेवटी जवान “मावशी! मावशी!” अशा हाका मारतच आत घुसले.

ती सापडली. ओला फडका तोंडावर धरून मोरीच्या कोपऱ्यात बसली होती. दोघांनी धरून तिला बाहेर आणलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता. रुग्णवाहिका फाटकाबाहेर उभी होती. पण फाटकापाशी येताच ती थबकली, जवानाच्या हातातून तिने आपला हात सोडवला आणि माझ्या काचेवर बोट टेकवलं. जाताना नोंद नसेल तर दिवस बुडतो ना!

“ओळख पटली नाही,” मी म्हणाले. “पुन्हा प्रयत्न करा.”

तिने बोट कोटाला पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

कोणी हसलं नाही. वेळसाहेब पुढे आले आणि त्यांनी तिचा हात हलकेच माझ्यावरून उचलला. “राहू द्या,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

मावशी बरी झाली. आवाज मात्र घोगराच राहिला. ती परत आली, त्या दिवशी आकडेताई माझ्या साऱ्या नकारांचा हिशेब घेऊन बसली होती. चुका खरोखरच शंभरात एक होत्या. फक्त त्या वाटल्या गेल्या नव्हत्या. जवळजवळ सगळ्या एकाच बाईच्या पदरात पडल्या होत्या.

“किती वेळा चुकते ते मी मोजलं,” ताई मावशीला म्हणाली. “कोणाच्या बाबतीत, ते पाहिलंच नाही. माझं चुकलं.”

मावशीने हात खिशातून बाहेर काढले, उलटेपालटे करून पाहिले. “म्हणजे माझं बोट वाईट नव्हतं?”

“नाही हो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि भांडी धुवायला गेली.

मला भिंतीवरून उतरवलं ते त्याच आठवड्यात. वेळसाहेब स्वतः फाटकात उभे राहून एकेकाला नावाने हाक मारू लागले.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्याहून हुशार मशिनी बनवाल, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध भांडाल. अवश्य भांडा. पण ‘शंभरात एखादीच चूक होते’ असं कोणी म्हणालं, की चहाचा कप खाली ठेवून विचारा, ती दरवेळी कोणाच्या वाट्याला येते? मग त्या माणसाकडे जा आणि त्याचं नाव विचारून घ्या. मला नाव ठाऊक असून हाक मारता आली नाही. तुम्हाला मारता येते.