शिंक्यातली साय

सायीची पारख करण्यात सोजरबाईचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त सोजरबाईलाच ठाऊक होती. विरजलेल्या सायीबद्दल शंका आली की बाया भांडं घेऊन तिच्या ओसरीवर यायच्या. ती आधी आत डोकावायची, मग नाक न्यायची, मग करंगळीवर घेऊन चाटायची. वर गुलाबी झाक असली किंवा जिभेला कडू लागलं तर म्हणायची, "उकिरड्यावर टाक." नुसतीच आंबट असली तर, "आजच्या आज घुसळ." कोर्टातला मुन्सफही इतक्या झटपट निकाल देत नसेल.

घरच्या सायीचे तर विचारू नका इतके लाड. गाडगं चुलीपासून लांब, न्हाणीकडच्या गार भिंतीला शिंक्यात टांगलेलं, तोंडाला ओलं फडकं. रोजची साय पुरती निवल्याशिवाय आत पडायची नाही आणि लाकडी पळीशिवाय आत काही जायचं नाही. एवढा बंदोबस्त असूनही गाडगं काही भरत नव्हतं.

आणि तिच्या सुनेचं, कस्तुराबाईचं, सगळं घोडं त्या गाडग्यापाशी अडलं होतं. कस्तुराबाई मोडनिंबची. लग्नानंतरची पहिलीच पंचमी. थोरला भाऊ मानसिंग मुराळी होऊन तिला न्यायला सोमवारी येणार होता. पण सोजरबाईनं आधीच बजावून ठेवलं होतं, "आमच्या घरची सून माहेरला रिकाम्या हातानं जात न्हाय. गाडगं भरू दे, लोणी काढ, तूप कढव, मग खुशाल जा. न्हायतर मुराळ्याला चा पाजून माघारी लावू."

म्हैस दूध चांगलं देत होती. सायही जाड येत होती. मग जात कुठं होती? हे कस्तुराबाईला कळायला फार दिवस लागले नाहीत. दुपारी नवरा मिलमध्ये आणि सासरा कोंडीबा ओसरीवर घोरत असला की सोजरबाई पारख करायला उठायची. आधी करंगळी. मग तळहात. मग कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी घेऊन निवांत, बयाजवार पारख. चाखणं म्हणजे खाणं नव्हे, असं तिचं प्रामाणिक मत होतं. आता सासूला "तुम्ही साय खाता" असं सुनेनं म्हणायचं तरी कसं? आजही कुणी म्हणून बघावं, म्हणजे कळेल.

कस्तुराबाई शेजारच्या रंभाबाईकडं गेली. रंभाबाईची साय सोजरबाईनं भर गल्लीत, चार बायकांसमोर उकिरड्यावर टाकायला लावली होती. तो घाव अजून ओला होता. सगळं ऐकून तिचा चेहरा असा खुलला, की पंचमी तिचीच असावी.

"खरी साय माज्याकडं ठेव. माज्या न्हाणीत लई गार असतंय," ती म्हणाली. "आन तुमच्या शिंक्यात दुसरं कायतरी टांगू."

पण दुसरं काय? भिजवलेले शेंगदाणे पाट्यावर वाटून पाहिले, तर रंग जमला पण वास शेंगांचा. दही फडक्यात बांधून टांगावं, तर तेवढं दूध कुठून आणायचं? शेवटी रंभाबाईला ज्वारीची आंबील आठवली. घट्ट शिजवली, दोन पळ्या ताक घातलं आणि वर खऱ्या सायीचा पातळ थर पसरला. दोघी गाडग्यात डोकावून बघत राहिल्या. हुबेहूब साय.

पहिल्या दुपारी सोजरबाईनं करंगळी बुडवली तेव्हा जात्याशी बसलेल्या कस्तुराबाईच्या हातातला खुंटा थांबला. सासूनं डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाली,

"कस्तुरे, आता कशी साय मुरायला लागली बग. आदी कच्ची लागत हुती."

पुढं तर कहर झाला. सोजरबाईनं रंभाबाईलाच बोलावून तिच्या तळहातावर पळीभर आंबील ठेवली. "शिक जरा. हिला म्हंत्यात साय."

रंभाबाईनं ती गिळली, पदर तोंडात कोंबला आणि कशीबशी म्हणाली, "व्हय की सोजराक्का. आमाला जन्मात असली जमायची न्हाय."

इकडं रंभाबाईच्या न्हाणीत खरं गाडगं काठोकाठ आलं. रोज सकाळी कस्तुराबाई ताजी आंबील करायची, वर थर द्यायची, आणि मनातल्या मनात झोक्यावर बसायची.

सोमवार उजाडला. मानसिंग कुर्डुवाडीला गाडी बदलून सकाळीच आला आणि लाल फेटा गुडघ्यावर ठेवून कोंडीबाशी पावसापाण्याचं बोलत बसला. भाऊ दिसला तशी कस्तुराबाईची अक्कल गहाण पडली. दुपारी गाडगी बदलायची आणि घुसळायला बसायचं, एवढंच तिच्या डोक्यात. हा सोमवार श्रावणातला आहे, सासूला कडक उपास आहे, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तिच्या पोटात धान्याचा कण जात नाही आणि साय मात्र चालते, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. सोजरबाईच्या मात्र पोटात कावळे ओरडत होते. ती दुपारची वाटही न बघता न्हाणीकडं गेली. आज करंगळी नाही, थेट पळी.

कस्तुराबाईनं पळी वर येताना पाहिली आणि तिला सोमवार आठवला. गप्प राहावं तर श्रावणी सोमवारी सासूचा उपास मोडणार, आणि तो मोडणार आपल्या हातच्या ज्वारीनं. बोलावं तर भाऊ चहा पिऊन एकटाच माघारी. साय बिघडलीय असं खोटं सांगावं, तर ही बाई आणखी दोन पळ्या चाखून खात्री करून घेईल!

"आत्याबाई, थांबा!" ती ओरडली. "त्यात ज्वारी हाय!"

पळी ओठांपाशी थांबली.

"काय हाय?"

"आंबील हाय. खरी साय रंभाबाईकडं हाय."

"कवापास्नं?"

"झालं की लई दिवस."

सोजरबाईच्या तोंडावरून तिनं दिलेले सगळे निकाल एकेक करून जाताना दिसले. ओसरीवर कोंडीबा हसता हसता खोकायला लागला. भिंतीला कान लावून बसलेली रंभाबाई खरं गाडगं पोटाशी धरून आलीच. आता आभाळ फाटणार असंच सगळ्यांना वाटलं. पण शिव्या द्यायच्या तर सायीच्या गाडग्यात आपली पळी काय करत होती, हेही सांगावं लागणार. सोजरबाईनं पळी खाली ठेवली आणि ती चुलीपुढं बसली.

"गाडगं भरलं की तू जानार, मला ठावं हुतं," ती म्हणाली. "जिभेपायी खाल्ली, न्हाय म्हनत न्हाय. पर भरू नये म्हून बी खाल्ली. पंचमीला गेलेल्या पोरी गौरी-गनपतीपातुर माघारी येत न्हायती. पोरगं दिसभर मिलमदी. मग घरात मी बोलू कुनासंगं? ह्या घोरनाऱ्या म्हाताऱ्यासंगं?"

कस्तुराबाईला हे अगदीच अनपेक्षित होतं. तिला रडू आलं आणि रागही आला. राग आला तो बरोबरच होता. इतके दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता तो याच्यासाठी!

सोजरबाईनं खरं गाडगं पुढ्यात ओढलं. बघितलं, हुंगलं, करंगळीवर घेऊन चाखलं. बिघडली असं तिनं म्हटलं असतं तर गल्लीत कुणाचीही विरोधात बोलायची छाती झाली नसती. रंभाबाईचीसुद्धा नाही. तिनं सुनेकडं पाहिलं, मग ओसरीवरच्या लाल फेट्याकडं.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "रवी आन."

दोघींनी मिळून घुसळलं. लोण्याचा गोळा वर आला तो नारळाएवढा. कस्तुराबाईनं त्यातला मोठा लचका तोडून सासूच्या हातावर ठेवला.

"घ्या, उपासाला चालतंय. आन मी म्हैनाभरात येते."

"म्हैना?" सोजरबाई भरल्या तोंडानं म्हणाली. "आट दिस."

"पंधरा."

"आट! मानसिंग, ऐकतूस न्हवं?"

मानसिंगचं सगळं लक्ष लोण्याकडं होतं. तो "व्हय, व्हय" म्हणाला.

सोजरबाईनं दुसऱ्या लचक्यासाठी हात पुढं केला. कस्तुराबाईनं लोण्याचं पातेलं अलगद आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि त्यावर पदर टाकला.

"पंधरा," ती म्हणाली.