चौदा मिनिटं, अकरा सेकंद

लाडोबाचा आवाज गोड होता, यात वादच नव्हता. देणाऱ्यानं घसा देताना हात सैल सोडला आणि अक्कल देताना मूठ आवळली, असं त्याच्या कार्यक्रमाची टेप कापणारी कात्री म्हणायची. सकाळी सात ते दहा हा माणूस अख्ख्या शहराच्या कानात बसायचा. स्वतःला 'तुमचा लाडका' म्हणवून घ्यायचा, म्हणून रेडिओ केंद्रात त्याचा लाडोबा झाला. हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो त्यावरही खूश झाला. अशा माणसाचं करणार काय!

कार्यक्रमात बोलणं कमी आणि माकडचेष्टा जास्त. सव्वासातला 'सासूचा सल्ला', म्हणजे लाडोबानं आवाज चिरका करून सुनांना टोमणे मारायचे. साडेसातला 'चुकीचा नंबर', म्हणजे कुणाच्या तरी घरी फोन करून सांगायचं की तुमच्या गच्चीवर आमचा घोडा चढलाय, पायऱ्या उतरत नाही. नऊ वर्षं तोच घोडा आणि तीच गच्ची. घोडासुद्धा कंटाळला असता, पण श्रोते कंटाळत नव्हते. आणि बरोबर आठ वाजता, शहर दात घासून कामाला निघायच्या बेतात असताना, 'ओळखलंत का?'

खेळ सोपा होता. कुणालाही फोन लावायचा, गळ्यात जिव्हाळा आणायचा आणि विचारायचं, "ओळखलंत का?" आपलं नाव काही झालं तरी सांगायचं नाही. समोरचा भिडस्त असला की 'नाही' म्हणायला धजत नाही. "हो हो, ओळखलं की!" म्हणतो आणि मग चाचपडत बसतो. तिकडे घड्याळ सुरू. "माफ करा, नाही ओळखलं" अशी कबुली देईपर्यंत किती वेळ गेला, तो त्याचा आकडा. विक्रम होता नऊ मिनिटांचा, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावावर. त्यांनी तेवढ्यात लाडोबाला मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही देऊन टाकलं होतं. फसलेल्या माणसाला एका गादीवाल्या कंपनीकडून उशी मिळायची. अब्रूच्या बदल्यात उशी, तीही स्पंजाची.

कात्रीचं काम स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे. आदल्या दिवशी टेप केलेला फोन कापून, तासून चार मिनिटांत बसवायचा आणि मधे मधे हशा पेरायचा. हशाचे सहा नमुने तिच्याकडे होते: बारका, मोठा, बायकांचा, खोकल्यात संपणारा, असे. माणूस चाचपडायला लागला की बारका, खोटं बोलला की मोठा. कार्यक्रम चालू असताना माइक आणि फोन चालू-बंद करायच्या बोर्डावरही तीच बसायची. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि जिभेतही नव्हतं. कात्री हे नाव नेमकं कशामुळे पडलं, यावर केंद्रात दोन मतं होती.

तिला लाडोबाचा तिटकारा होता, ऐकणाऱ्यांचा होता आणि फसणाऱ्यांचा तर सगळ्यांहून जास्त. "एवढी कसली मेली भीड?" ती म्हणायची. "नाही ओळखलं, म्हणायला जीभ झडते का?" असं म्हणत म्हणत ती त्यांच्या भिडेवर हशा चिकटवायची आणि पगार घ्यायची. स्वतःचा तिटकारा करायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं.

नंबर यायचे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यातून. केंद्राचा नियमच होता तसा: दर सोमवारी प्रत्येकानं दोन नंबर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. लोक जुन्या घरमालकांचे टाकायचे, दातांच्या डॉक्टरांचे टाकायचे, एकीनं तर आपल्या मावससासऱ्यांचा टाकला होता. कात्रीनं तीन वर्षांपूर्वी आपल्या आईचा टाकला. मुद्दाम. सूड म्हणून.

कारण कात्रीची आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी फोन जोडून द्यायला मधे माणूस लागायचा, आणि त्या गावात ते माणूस म्हणजे आई. आवाजावरून माणूस ओळखायची, नुसत्या खोकल्यावरूनसुद्धा. एकदा वखारवाल्यानं आवाज बदलून बाहेरगावचा नंबर मागितला, तर हिनं शांतपणे विचारलं, "काका, तो नंबर देऊ, की काकूंनाच जोडून देऊ?" वखारवाला पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. असल्या बाईपुढे लाडोबा एकदा सापडू दे, बिनपाण्यानं करेल ती त्याची, असा कात्रीचा हिशेब. पण चिठ्ठी डब्याच्या तळाशी गेली आणि कात्रीही विसरली.

ती निघाली नेमकी एका गुरुवारी, कात्री दाढ दाखवायला गेली होती तेव्हा.

शुक्रवारी सकाळी कार्यक्रम संपल्यावर लाडोबा काचेच्या अलीकडे नाचत आला. "कात्रे, विक्रम! चौदा मिनिटं, अकरा सेकंद! म्हातारी हरायलाच तयार नाही. शेवटी मीच दमलो. सोमवारी लावायचं. एक अक्षर कापू नकोस, फक्त हशा घाल."

कात्रीनं हेडफोन चढवले. पहिल्याच "हॅलो"ला तिनं आवाज ओळखला आणि खुर्चीत आरामात मागे टेकली. आता बघ गंमत, तिनं मनात म्हटलं. आता तुझी सालटी निघतात.

"ओळखलंत का?" लाडोबा म्हणाला.

"म्हणजे काय! तुला न ओळखून कसं चालेल?"

"मग सांगा बरं, कोण?"

"तुझ्याच तोंडून ऐकू दे ना. किती दिवसांनी फोन! आत्ताच तुझं नाव काढलं होतं."

कात्री हसली. खेळवतेय त्याला, बेरकी बाई.

"घरी सगळे बरे ना?" आई विचारत होती. "आणि आवाज का असा बसल्यासारखा वाटतोय? काळजी घेत नाहीस अगदी."

कात्रीचा हात बटणावर थांबला. तिनं टेप मागे नेली. *आवाज का असा बसल्यासारखा वाटतोय? काळजी घेत नाहीस अगदी.* हे वाक्य तिनं रविवारी ऐकलं होतं. स्वतःबद्दल. आईला एवढ्या लांबून कळलं म्हणून तिला भरून आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं घशाच्या गोळ्यासुद्धा आणल्या होत्या.

तिनं टेप पुढे नेली. "तुला न ओळखून कसं चालेल" चार वेळा. "आत्ताच तुझं नाव काढलं होतं" तीन वेळा. लाडोबानं विचारलं, आपण शेवटचं कुठे भेटलो? आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तिथेच की. ते का विसरायचंय?" वाक्यं घासून गुळगुळीत झाली होती. एका दिवसात होत नाहीत अशी. किती लोकांवर, किती महिने वापरली असतील, कोण जाणे.

आणि कात्रीनं स्वतः काय केलं होतं? दर रविवारी फोन उचलला की ती लहानपणीच्या थट्टेतच सुरू करायची. 'आई' अशी हाक नाही, काही नाही. "हॅलो, एक्स्चेंज? ओळखलंत का?" आणि पलीकडून आई ऐटीत म्हणायची, "नंबर सांगा." हे "नंबर सांगा" कधी बंद झालं आणि त्या जागी "तुला न ओळखून कसं चालेल" कधी आलं, ते दुसऱ्यांचे आवाज कापून पोट भरणाऱ्या या बाईच्या लक्षातही आलं नव्हतं. चार महिन्यांत ती गावी गेली नव्हती. आईची तब्येत फोनवर ठणठणीत होती ना!

टेपच्या शेवटी लाडोबा विचारत होता, "हे रेडिओवर लावू का?" आणि आई म्हणत होती, "लाव की. तुला नाही कसं म्हणू?"

कात्री उठून लाडोबाच्या खोलीत गेली. तो आरशात बघून भुवया विंचरत होता.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली. "आणि ती खेळत नाहीये. तिला माणसं आठवत नाहीत. हे लावायचं नाही."

लाडोबाचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "तुझी आई? अगं, मग तर सोन्याहून पिवळं! शेवटी तुला आत आणू. 'आई, ओळखलंस का?' लोक आधी हसतील, मग रडतील. गादीवाले दोन उशा देतील."

"नाही म्हटलं ना."

"तिचा होकार टेपवर आहे, कात्रे."

ती मोठ्या साहेबांकडे गेली. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सांगितलं की श्रोत्यांना आवडतं. चष्मा पुसण्यापलीकडे त्यांनी त्या खुर्चीत बसून फारसं काही केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग ती परत आपल्या जागेवर आली आणि तिनं टेप पुसली. मूळही आणि प्रतही.

लाडोबा आधी लाल झाला, मग हसला. "पुसलीस? पूस. सोमवारी आठ वाजता तिला पुन्हा फोन लावतो, थेट. तिला कुठे आठवणार आहे?"

रजा टाकली तर बोर्डावर दुसरं कुणी बसणार, हे कात्रीला कळत होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं फोन हातात घेतला. आईला सांगावं, सोमवारी सकाळी उचलू नकोस. पण सांगितलेलं तोवर राहणार होतं का? आणि खरं कारण तेही नव्हतं. फोन लावला की पहिलं वाक्य काय म्हणायचं, याचीच तिला भीती वाटत होती. रविवारीही तिनं फोन केला नाही. आईनंही विचारलं नाही, का केला नाहीस.

सोमवारी आठला लाडोबानं माइकपाशी ओठ नेले. "आज, रसिकहो, आपल्या विक्रमी आजीबाई! आणि त्यांच्यासाठी एक खास पाहुणी." त्यानं काचेतून कात्रीकडे बघून डोळा मारला. फोनची घंटा वाजू लागली.

थेट कार्यक्रमात बोललेलं शहराला सात सेकंद उशिरानं ऐकू जातं. कुणी शिवी घातली तर ती गाळता यावी म्हणून ही सोय. नऊ वर्षांत कात्रीनं तिथे शिव्याच गाळल्या होत्या.

"हॅलो?"

"ओळखलंत का?" लाडोबा विरघळत म्हणाला.

"म्हणजे काय! तुला न ओळखून—"

कात्रीनं बटण दाबलं. शहराला ऐकू गेली फोनची घंटा आणि पाठोपाठ गादीची जाहिरात. लाडोबाचा माइक तिनं बंद केला आणि आईची लाइन आपल्या हेडफोनवर घेतली. काचेपलीकडे लाडोबा उठला, ओरडला, काचेवर हात आपटला. आवाज काढून घेतल्यावर त्याच्यात काहीच उरत नव्हतं. गळ्यात रुमाल बांधलेला एक माणूस नुसतं तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"हॅलो? गेलास का?" आई विचारत होती. "आवाज जरा बसल्यासारखा—"

"एक्स्चेंज—" कात्रीच्या तोंडून सवयीनं निघालं. ती थांबली. समोरचं घड्याळ लाडोबानं सुरू करून ठेवलंच होतं. एकोणीस सेकंद. वीस.

"आई," ती म्हणाली. "मी तुझी धाकटी मुलगी बोलतेय. रेडिओत कामाला आहे ती. आत्ता बोलत होता तो तुझ्या ओळखीचा नाही. तो कुणीच नाही."

कात्रीला वाटलं, आता पुन्हा तेच वाक्य येणार. ते आलं तर काय करायचं, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"धाकटी," आई हळूच म्हणाली. जीभ फिरवून बघावी तसा तिनं तो शब्द पुन्हा म्हटला. मग तिच्या आवाजातली ती सगळी लगबग ओसरली. दमलेली, साधी, म्हातारी बाई बोलू लागली. "अगं, मग आधीच सांगायचं ना. सगळे फोन करतात आणि मलाच विचारतात, ओळखलं का, ओळखलं का. सांगत कुणीच नाही."

कात्रीला रडू फुटलं. काचेसमोर, लाडोबासमोर, तिनं ते लपवलं नाही. जाहिरात संपली होती. तिनं तीच पुन्हा लावली.

"आई, मी दुपारच्या गाडीनं येतेय. राहायला."

"ये ना," आई म्हणाली, आणि कुणी ऐकेल की काय अशा बेतानं पुढे म्हणाली, "आलीस की दारातच सांगशील ना, कोण ते?"