उणे तीसचं श्रीखंड

सोडियमच्या बॅटरीला थंडी सोसत नाही. अगदी पुणेकरांसारखी; पारा जरा उतरला की काम बंद.

लेहच्या सौरकेंद्राला उणे वीस अंशांतही सत्तर टक्के वीज देणारी बॅटरी हवी होती. तिचं इलेक्ट्रोड मी चार वर्षं घडवत होते, शेंगांची टरफलं जाळून केलेल्या कोळशाचं. आधीचे तीन नमुने चाळिशीतच आडवे झाले. हा चौथा आणि शेवटचा. दसऱ्याला सकाळी अकराला लेहकरांशी ऑनलाइन बैठक होती. आकडा नाही, तर प्रकल्प बंद.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मी सेल थंडपेटीत ठेवला, उणे वीस लावलं आणि शिपाई कोंडीरामकाकांना बजावलं, "पूजा खुशाल करा, पण ही पेटी बंद करायची नाही." चाचणी रात्री आपोआप सुरू होणार होती. मी कोथरूडला घरी गेले.

सकाळी स्क्रीनवर आकडा होता एकोणऐंशी! मी प्रयोगशाळेत एकटीच फुगडी घातली. मग थांबले. इतकं चांगलं कसं? पंखे, झेरॉक्स, चहाचा फ्रीज, सगळ्यांना कुंकू लावून विश्रांती दिली होती. पेटीच्या तापमानाच्या आकड्यावरही झेंडूची जाड माळ. पेटी बंद असेल, तर माझा सेल रात्रभर उबेत लोळला असणार.

"काका! पेटी बंद केलीत ना?"

"न्हाई बा! तुमी सांगितलं व्हतं नव्हं?"

मी माळ उचलली. उणे तीस. डोळे चोळले. उणे तीसच!

"हे कोणी केलं?"

काका कावरेबावरे झाले. "काल फ्रीजची पूजा केली, मग त्यो बंद. आजचं चार किलो श्रीखंड ठिवायचं कुठं? हितं ठिवलं. आंबट होऊ नये म्हून थंडी जरा वाढवली."

"कधी?"

"तुमी गेल्या गेल्या. चुकलं का, म्याडम?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे पायच धरले. ते बिचारे मागे सरकत भिंतीला टेकले. वहीत मी खरं तेच लिहिलं: तापमान उणे तीस, कारण श्रीखंड.

बैठकीत प्रकल्प मंजूर झाला. शेवटी लेहच्या साहेबांनी विचारलं, "मागितलं होतं उणे वीस. उणे तीसचं कसं सुचलं?"

मी काकांना कॅमेऱ्यासमोर ओढलं. त्यांच्या एका हातात श्रीखंडाचा डबा होता, दुसऱ्या हातात हातोडी.