देवस्थळी सरांची जीभ

देवस्थळी सर एवढे शिकलेले, पण दगड ओळखायचा म्हणजे आधी तो चाटायचे. त्रेपन्न साली कॉलेजची पोरं घेऊन ते अंधेरीच्या दगडखाणीत गेले. कुंदानं वडिलांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी मातीत घोळवून कपारीत खोचली आणि ओरडली, "सर, बघा काय सापडलं!"

सरांनी भिंग लावलं, मग जीभ लावली. "सल्फेट! निसर्गात असं क्वचितच मिळतं."

कुंदानं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"त्यातून याला साबणाची चव आहे," सर शांतपणे म्हणाले. "कुंदा, दाढी झाल्यावर तुरटी धुऊन ठेवत जा म्हणावं वडिलांना. आणि आता तू चाट. जिला सापडलं तिनं खात्री करायची, अशी आमच्यात रीत आहे."