खळग्यातलं हवामान

रविवारी दुपारी बागेतल्या टेकडीवर साठ-सत्तर माणसं जमली होती. चहूकडे घोटाभर बर्फ. बर्चची झाडं, बाकं, पक्षी बघायचं मचाण, सगळं पांढरंफेक. टेकडीच्या कुशीतला एक खळगा तेवढा हिरवा होता. त्यात शेवाळ होतं आणि शेवाळातून वाफ निघत होती.

"श्वास आहे तो," फोल्कमार टीले आवाज खाली आणून म्हणाला. "इथली कोळशाची खाण बंद केली, झाडं लावली, बेडकांना राखीव जागा दिली. चांगलं केलं. पण अपघातात खालीच राहिलेल्या एकोणीस जणांना कुणी विचारलं? ते श्वास घेतात, मंडळी. म्हणून इथे बर्फ टिकत नाही."

बोलेल त्याची बोरं विकतात. टीलेच्या मेणबत्त्या विकल्या जात होत्या. रीत सोपी. मेणबत्ती पेटवायची, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि खळग्यात उतरून ज्योत गुडघ्याखाली न्यायची. माणूस आला असेल तर ज्योत घेऊन जातो. आणि ज्योत खरंच विझायची, कुणी फुंकर न मारता. वारं सुटलं त्या दिवशी मात्र विझायची नाही. तेव्हा टीले सांगायचा, "आज झोपलेत ते." म्हणजे मेलेल्यांनी कधी उठायचं आणि कधी झोपायचं, तेही हाच ठरवणार.

इर्मगार्ड शिमानियाकची ही चौथी खेप. तिचा नवरा आल्फोन्स त्या एकोणीस जणांतला. एक्केचाळीस वर्षांपूर्वी सकाळी खाली गेला तो वर आलाच नाही. पुरायलाही काही मिळालं नाही. आधीच्या तिन्ही वेळा तिची ज्योत विझली होती, आणि तिन्ही वेळा घरी गेल्यावर डोकं ठणकून छातीवर दडपण आलं होतं. "त्याचा हात आहे तो," असं टीलेने सांगितल्यापासून तिची झोप उडाली होती. जायची भीती वाटायची आणि न जायची त्याहून जास्त.

आज तिने चार वर्षांच्या नातीला, यूलेला, सोबत आणलं होतं. तसा निरोपच होता टीलेचा: आल्फोन्सला आपल्या रक्ताचं मूल बघायचंय, तुम्ही आणलं नाहीत, तर तो स्वतः न्यायला येईल.

"ओमा, मला नाही बसायचं तिथे." यूलेने आजीच्या कोटात तोंड खुपसलं.

"एवढुसंच बस गं. आजोबा तुला बघतील आणि जातील." इर्मगार्डने पोरीला खळग्यात नेऊन शेवाळावर बसवलं आणि स्वतः काठावर येऊन उभी राहिली.

टीलेने एक जुनी वही उघडली. "तेवीस वर्षं मी स्वतः खाली काढलीत. ही अपघाताच्या दिवसाची नोंद. ऐका. 'सातव्या थरात हवामान वाईट.'" तो थांबला. "जमिनीच्या पोटात कुठलं आलंय हवामान? तिथे ना पाऊस, ना ढग. मंडळी, तो कोप होता. अजून शमलेला नाही."

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. इर्मगार्ड मात्र चमकली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आल्फोन्स जेवताना म्हणाला होता, "आज हवामान वाईट होतं," आणि ती खुळ्यासारखी खिडकीबाहेरचं लख्ख ऊन बघत राहिली होती. तो पोट धरधरून हसला होता. खाणीतल्या हवेलाच ते लोक हवामान म्हणत. वाईट हवामान म्हणजे विषारी वायू. या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेवीस वर्षं खाली काढलेल्याला हे ठाऊक नाही?

मग ती विझणारी ज्योत, ती डोकेदुखी... आणि खाली बसलेल्या पोरीचं डोकं येतं मोठ्यांच्या गुडघ्याएवढं. तिने खाली पाहिलं. खळग्यात यूलेची मान छातीवर कलली होती.

"मध्ये जाऊ नका," टीले म्हणाला. "तो बोलतोय तिच्याशी."

"हो बाजूला, मेल्या." इर्मगार्डने श्वास रोखला, उतरली आणि पोरीला उचलून वर आणलं. पोर हाक मारूनही ओ देईना.

बागेची रक्षक नुराय आक्सोय धापा टाकत वर आली. खळग्यापाशी तिने लावलेली धोक्याची पाटी तिला खालच्या झुडपात फेकलेली सापडली होती. तिने यूलेला मोकळ्या हवेत नेलं, कुशीवर वळवलं, पाठ चोळली. यूले खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडायला लागली. ते रडणं ऐकून इर्मगार्ड बर्फातच बसली.

नुरायने रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना फोन केला, पोरीला कडेवर घेतलं आणि लोकांकडे वळली. "ही टेकडी खाणीतून उपसलेल्या दगडमातीची आहे. तिच्या पोटातला उरलासुरला कोळसा वर्षानुवर्षं धुमसतोय. म्हणून जमीन गरम आणि म्हणून बर्फ नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड; वारा नसला की खळग्यात पाण्यासारखा साचतो आणि ज्योत विझवतो. सोबत कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याने आधी डोकं दुखतं, मग माणूस जातो."

"पण माझी ज्योत भावाचं नाव घेतल्यावरच विझली," एक म्हातारा पुटपुटला.

नुरायने यूलेला एका बाईकडे दिलं, मेणबत्ती पेटवली, काठावरून ओणवं होत हात खाली नेला आणि म्हणाली, "मिनोश." ज्योत विझली. "मिनोश माझं मांजर आहे, काका. आत्ता घरी सोफ्यावर लोळत असेल."

टीले "श्रद्धेला पुरावा लागत नाही" असं काहीसं म्हणत काढता पाय घेऊ लागला, तेव्हा खाणीतल्या दोन जुन्या गड्यांनी त्याच्या बखोटीला धरलं. "जातोस कुठे? पोलीस येईपर्यंत हवामान सांग की."

इर्मगार्ड उठली. "याला सोडू नका. पण माझंही ऐका. त्याने माझा हात धरून ओढलं नव्हतं. पोरीला मी बसवलं, या हातांनी. ती नको म्हणत होती. चार वेळा आले आणि एकदाही विचारलं नाही, की हे होतं कशाने. तुम्हीही भ्यायला होतात, दिसत होतं मला. भ्या, त्यात लाज नाही. पण भीती वाटली की आधी विचारा. मेलेल्या माणसासाठी जिवंत पोर खड्ड्यात बसवू नका."

रुग्णवाहिका आली. नुरायने यूलेला परत कडेवर घेतलं होतं. इर्मगार्डने हात पुढे केले, पण यूले नुरायच्या गळ्याला घट्ट धरून राहिली.