पट्ट्याचं माप

बॅगवालीनं मेंडोलिनला शिवलेला पहिला पट्टा साफ फसला. तिचा तरी काय दोष? उभा जन्म पर्सना नि दप्तरांना पट्टे लावण्यात गेलेला. सवयीनं तिनं इथंही दोन्ही टोकं पोटाजवळच अडकवली. नवऱ्यानं ते गळ्यात घातलं मात्र, मेंडोलिनचं तोंड आभाळाकडे नि मान जमिनीकडे!

"अगं, मी वाजवायला निघालोय की भाजी आणायला?"

दोघंही हसली. त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्या घरात हसण्याचे वांधेच होते. त्याचा पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात तेवढा रुसलेला. आणि आज संध्याकाळी वाद्यवृंदाचे मास्तर ऐकायला येणार होते. उभं राहून एक गाणं वाजवता आलं तर त्याची जागा त्याला, नाहीतर दुसरा माणूस. मास्तर काही वाईट नव्हते, पण कार्यक्रम थोडेच थांबतात?

"हाताला काही झालेलं नाही," तो येताजाता म्हणायचा. "वाद्याची मान झुकते. ती उचलून धरण्यातच सगळा हात जातो, बोटं मोकळी राहतात कुठं?"

"तेच तर," ती म्हणायची. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते मनापासून पटलेलं होतं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काय पटत नाही!

दुपारी तिनं सगळं उसवलं. या वेळी खांद्यापाशी पट्टा चांगला रुंद ठेवला. शर्टावरून घसरू नये म्हणून चामड्याची खरखरीत बाजू आत घेतली. मानेला काचू नये म्हणून कड दुमडून शिवली. एक टोक वाद्याच्या बुडाच्या गुंडीत बसवलं. दुसऱ्याला चामड्याची नाडी लावली आणि ती वर, खुंट्यांच्या जरा खाली, तारांच्या आतून ओवून बांधली.

त्यानं डाव्या खांद्यावरून पट्टा घेतला नि दोन्ही हात सोडून दिले. मेंडोलिन जागचं हललं नाही.

"आईशप्पथ! कडेवरच्या पोरासारखं बसलंय गं!"

"मग! वाजवा आता."

उजवा हात सुटला, अगदी पहिल्यासारखा. डाव्या हाताची बोटं तारांवर गेली आणि तिथंच पडून राहिली. तार दाबेना. सुराच्या जागी नुसती खडखड. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खडखड. कपाळावर घाम आला. हाताला आता कसलंच ओझं नव्हतं.

तो थांबला.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो हळूच म्हणाला. "तू तर अंगणसुद्धा सरळ करून ठेवलंस."

मी मेलीनं एवढा चांगला पट्टा शिवलाच कशाला? तिला स्वतःच्या हातांचा राग आला. तेवढ्यात दार वाजलं.

मास्तर आत येऊन टेकतात न टेकतात, तोच ती म्हणाली, "आज राहू द्या, मास्तर. पट्टा बिघडवला मी. आखूड झालाय, यांना हात हलवता येत नाही."

जिचं काम आजवर एकाही दुकानातून परत आलं नव्हतं, ती बाई हे बोलत होती. मास्तरांनी पट्ट्याकडे पाहिलं. तो किती नेमका बसलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग त्यांनी नवऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"होतं असं कधीकधी," ते म्हणाले. चहाही न घेता उठले. पुन्हा कधी येतो, हे काही बोलले नाहीत. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

तिनं ब्लेड काढलं आणि चांगली घट्ट शिवण टाका टाका करून कापायला घेतली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या पुसायला हात मोकळा नव्हता. तो शेजारी येऊन बसला आणि उजव्या हातानं पट्टा ताणून धरला.

"या खेपेला," तो म्हणाला, "बोटभर लांब कर."